पोलेमिक म्हणजे वितंडा नव्हे

एखाद्या ग्रंथास इंग्रज परीक्षकानें 'पोलेमिक' म्हटलें, कीं तो न वाचतां बाजूस ठेवण्यास पुष्कळांना तेवढें कारण पुरतें. मराठींत या शब्दासाठीं 'वितंडवाद' हा प्रतिशब्द योजण्याचा मोह होतो, आणि त्यानें तर ग्रंथाचा निकालच लागतो. हा निकाल न्याय्य आहे काय, हें ठरविण्यासाठीं शब्दाचें कुळ पाहणें अवश्य आहे.

ग्रीक भाषेंत 'पोलेमॉस' म्हणजे युद्ध. त्यावरून झालेलें 'पोलेमिकॉस' हें विशेषण युद्धासंबंधीं जें असेल त्यास लागे. फ्रेंच भाषेच्या द्वारें हा शब्द सतराव्या शतकांत इंग्रजींत रुळला. त्या वेळीं युरोपांत ख्रिस्ती पंथांचे वाद पेटले होते. म्हणून रणांगणावरचा हा शब्द धर्मपंडितांच्या लेखणीस चिकटला. परमताचें खंडन करणारें धर्मशास्त्र तें 'पोलेमिक'. मतभेद मिटवूं पाहणारें, शांतिवाचक ग्रीक शब्दावरून, 'आयरेनिक'. पुढें कोणत्याहि आवेशयुक्त खंडनास पहिला शब्द लागूं लागला.

आतां आपल्या न्यायशास्त्राकडे वळूं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं छलादिकांचाहि आश्रय करून स्वपक्ष राखणें तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ परपक्ष पाडणें ती वितंडा. युद्ध करणाऱ्यास राखावयाचा कांहीं प्रदेश असतो. वैतंडिकास तो नसतो. तेव्हां पोलेमिक ही वितंडा नव्हे. मग ती वाद कीं जल्प? याचें उत्तर शब्दांत सांपडत नाहीं. तें प्रत्येक ग्रंथ वाचूनच काढावें लागतें.

मिल्टनचेंच उदाहरण घ्या. 1643 सालीं पार्लमेंटनें छपाईपूर्वीं परवाना घेण्याची सक्ति केली, तिच्याविरुद्ध त्यानें 1644 सालीं 'ॲरिओपॅजिटिका' लिहिली. तींत तो त्याच पार्लमेंटला सन्मानपूर्वक संबोधतो, आणि वाईट पुस्तकांच्या संसर्गाची भीति हा प्रतिपक्षाचा मुद्दा पुढें घेऊन त्याचें निरसन करतो. उलट, वध झालेल्या पहिल्या चार्ल्स राजाचा कैवार घेणाऱ्या सॅल्मेशियस या पंडितास 1651 सालीं लॅटिनमध्यें उत्तर देतांना हाच लेखक त्याच्यावरील बायकोच्या धाकाचीहि टवाळी करतो. राजास शासन करण्याचा अधिकार प्रजेस आहे कीं नाहीं, या प्रश्नावर त्या टवाळीनें कोणता प्रकाश पडला? इंग्लंडांतील ती परवानापद्धति 1695 सालीं संपली. तथापि मुद्रणस्वातंत्र्याची चर्चा निघाली, कीं आजहि 'ॲरिओपॅजिटिका'चें नांव निघतें. दुसरा ग्रंथ मुख्यतः अभ्यासकांपुरता उरला आहे.

आपले शास्त्रकार पूर्वपक्ष मांडून मगच सिद्धांताकडे वळत. तीच कसोटी येथें लावावी. 'होय, माझें म्हणणें हेंच' असें प्रतिपक्ष्यास कबूल करावें लागेल इतका पूर्वपक्ष प्रामाणिक असेल, तर पुढील खंडन कितीहि तिखट असो, त्याचें नातें वादाशींच आहे. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळकपक्ष व सुधारक यांच्यांत जें लेखनयुद्ध झालें, तें वाचतांनाहि ही कसोटी हाताशीं असावी. पोलेमिकला मराठी शब्द हवाच असेल, तर 'वादयुद्ध' म्हणावें. त्यांत युद्ध आहे, पण वादहि आहे. आणि त्यांतील कोणता अंश अधिक, हें पाहण्याचें काम वाचकाकडेच राहतें.