गुणतक्त्यात न मावणारे गाणे

सूर 30, ताल 20, शब्दोच्चार 20, भाव 20, एकूण परिणाम 10. हौशी गायनस्पर्धेचा गुणतक्ता थोड्याफार फरकाने सगळीकडे असाच असतो. मराठी भावगीतांच्या एका ऑनलाइन स्पर्धेसाठी मी गेली पाच वर्षे तो भरतो आहे. टाळेबंदीच्या दिवसांत काही गाणेवेड्या मंडळींनी सुरू केलेली ही स्पर्धा. प्रवेशशुल्क नाही, पहिल्या क्रमांकाला एक पुस्तक आणि गटावर चार दिवस कौतुक. स्पर्धक नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. आम्ही परीक्षक तिघे. बाकीचे दोघे रीतसर शिकलेले आहेत. माझे शिक्षण रेडिओ, जुन्या तबकड्या आणि सार्वजनिक वाचनालये यांतच झाले. या लेखात मला स्पर्धेचे वर्णन करायचे नाही. हा तक्ता नेमके काय मोजतो आणि काय मोजल्याचा आव आणतो, एवढेच तपासायचे आहे.

पहिली शंका तालाच्या रकान्याबद्दल. दोन माणसे दूर बसून एकत्र वाजवू लागली आणि आवाज पोचायला साधारण 25-30 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, की लय धरून ठेवणे कठीण होते. भारत आणि अमेरिका यांच्यात आवाजाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे पुण्याचा तबलजी आणि परदेशातली गायिका ही जोडी ऑनलाइन जमत नाही. स्पर्धक तयार कराओके ट्रॅकवर गातात. आता ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मैफलीत गायक शब्दावर किंचित रेंगाळला तर तबलजी त्याला सांभाळून घेतो, आणि भावगीताचा निम्मा प्राण या देवाणघेवाणीत असतो. ट्रॅकवर गाताना ‘ताल बरोबर’ याचा अर्थ यंत्राच्या मागे नीट चालणे एवढाच उरतो, आणि त्याला 20 पैकी 18 देणे म्हणजे आज्ञाधारकपणाला गुण देणे. ऐकण्यासारखे असते ते वेगळेच. हलू न शकणाऱ्या ठेक्याच्या आत कोणी शब्द केसभर मागे ठेवतो आणि तरी समेवर बिनचूक येतो. असे गाणारे वर्षाला दोघे-तिघेच भेटतात. तक्त्यात मात्र त्यांचा आणि सरळ चालणाऱ्यांचा आकडा जवळजवळ सारखाच पडतो.

पट्टीचेही तेच. ट्रॅक मूळ गायकाच्या किंवा गायिकेच्या पट्टीत बांधलेला असतो. काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा सगळ्यांचा नसतो, मग मोबाइलवरच्या ॲपने ट्रॅक दोन-तीन सुरांनी खाली आणला जातो. तसे केले की वाद्यांचा आवाज पोकळ, थोडा आजारी वाटू लागतो आणि परीक्षकाच्या कानात ती मरगळ गायकाच्या खात्यावर जमा होते. उलट, ज्याची नोंद मोठ्या आवाजात झाली आहे ते गाणे अधिक भरदार वाटते. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातली माणसे हे फार पूर्वीपासून जाणतात. दोन नोंदींची तुलना करायची तर आधी त्यांची पातळी सारखी करा, हा त्यांचा पहिला पाठ. मी तो पाळतो. गमतीची गोष्ट तानपुऱ्याची. व्हिडिओ-बैठकींसाठी बनवलेली ॲपे एकसारख्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजतात आणि दाबून टाकतात. प्रत्यक्ष गाण्याच्या फेरीत स्पर्धकाच्या खोलीत तानपुरा सुरू असतो, आपल्याला मात्र तो मधूनच ऐकू येतो आणि मधूनच बुडतो. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय अशा काही ॲपांत असते, पण ती शोधून सुरू करावी लागते, आणि साठीच्या गृहस्थांना हे कोण सांगणार? षड्ज गायब झालेल्या खोलीतून आलेल्या सुराला 30 पैकी किती द्यायचे, याचे उत्तर तक्त्याकडे नाही.

केवळ आवाज ऐकून दर्जा ठरवण्याची आपल्याकडची मोठी परंपरा आकाशवाणीची. बा. वि. केसकर 1952 ते 1962 या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांच्या ध्वनिचाचणीची पद्धत रुजली आणि ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशा श्रेण्या संगीतजगतात माणसाच्या नावापुढे लागू लागल्या. नामवंतांनीही चाचणी का द्यावी, यावरून तेव्हा बरेच वादंग झाले. श्रेणीवर मानधन अवलंबून होते, त्यामुळे तो राग समजण्यासारखा आहे. पण चेहरा न पाहता ऐकण्याचे तत्त्व मला आजही योग्य वाटते, भावगीतासाठी तर विशेषच. हा प्रकार तबकडी आणि रेडिओ यांच्या आधाराने वाढला. पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले, तेव्हा घरोघरच्या श्रोत्यांसमोर फक्त आवाज होता आणि कोणाचेही काही अडले नाही.

आमच्या स्पर्धेत तिसऱ्या वर्षी ध्वनिचित्रफिती मागवायला सुरुवात झाली. त्यानंतर पैठण्या, समया, मागे पुस्तकांचे कपाट. मी विरोध केला आणि अजूनही करतो. चिया-जंग त्साय या संशोधिकेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना स्पर्धांमधल्या अंतिम फेरीचे तुकडे देऊन विजेता ओळखायला सांगितले होते. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा मूक चित्रफीत पाहणाऱ्यांनी विजेते जास्त वेळा बरोबर ओळखले, आणि त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. 2018 मधल्या फेरतपासणीत हा परिणाम पुन्हा आढळला, मात्र कोणत्या चित्रफिती निवडल्या यावर तो फार अवलंबून असतो हेही दिसले. तेव्हा यावरून ‘डोळा कानाला हरवतो’ असा सरसकट नियम काढू नये. पण शंका घेण्याइतके ते पुरेसे आहे. मी चित्रफिती पडदा झाकून ऐकतो.

क्रमाचा प्रश्न याहून अवघड. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी 1996 मध्ये तिथल्या निकालांचा अभ्यास करून दाखवले, की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचे क्रमांक कमी आले. पुढे 2003 मध्ये गिन्सबर्ग आणि व्हॅन उर्स यांनी वरच्या क्रमांकाचा त्या कलावंतांच्या नंतरच्या यशाशी संबंध तपासला. तो होता. म्हणजे चिठ्ठीतल्या आकड्याची सावली आयुष्यावर पडू शकते. जगातल्या निवडक कानांची ही कथा, तर रात्री जेवण उरकून 38 गाणी ऐकणाऱ्या माझी काय असणार? पहिल्याला आपण हात राखून गुण देतो, कारण पुढे काय येणार ते ठाऊक नसते. पंचविसाव्यापर्यंत कान थकतो. म्हणून मी यादी एकदा सरळ आणि दोन दिवसांनी उलटी ऐकतो. वेळ दुप्पट जातो, पण स्पर्धकाने त्या तीन मिनिटांसाठी महिनाभर घासलेले असते.

बेरजेकडे कोणी बघत नाही, म्हणून तिथे थोडे थांबतो. समजा दोन परीक्षक हात सैल असलेले आहेत. ते सगळ्यांना 85 ते 92 यांच्यामध्येच ठेवतात. तिसरा 40 ते 95 अशी सगळी पट्टी वापरतो. पहिल्या दोघांना ‘क’ अधिक आवडला: एकाने क ला 90 आणि ख ला 88 दिले, दुसऱ्याने 91 आणि 89. तिसऱ्याने क ला 60 आणि ख ला 75. बेरीज केली तर क 241, ख 252. तिघांपैकी दोघांचे मत क च्या बाजूने असूनही पुस्तक ख ला गेले. यात लबाडी कोणाचीच नाही. ज्याचे आकडे जास्त पसरलेले, त्याचे मत आपोआप जड होते. गुण सोडून नुसते क्रम लावावेत, तर पहिल्या-दुसऱ्यात केसाचे अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यात दरी असली तरी दोन्ही एकच पायरी ठरतात. या कोड्यावर बोर्दा आणि कोंदोर्से हे फ्रेंच विद्वान अठराव्या शतकातच झगडले होते. युरोव्हिजन स्पर्धेत 1975 पासून 12, 10, मग 8 पासून 1 पर्यंत असे गुण देतात, वरच्या दोन जागांना जास्त अंतर मिळावे म्हणून. तोही तोडगाच, उत्तर नव्हे.

‘श्रोत्यांची पसंती’ नावाचे जे बक्षीस गटावरच्या अंगठ्यांवरून दिले जाते, त्याबद्दल एवढेच. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 मध्ये 48 अपरिचित गाणी 14,341 लोकांपुढे ठेवली. इतरांची पसंती दिसत असली की लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय होत, आणि लोकांचे वेगळे गट केले की वेगवेगळी गाणी वर येत. अगदी चांगली सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. आमचे बहुतेक स्पर्धक मधलेच आहेत. अंगठे सात दिवस झाकून ठेवा, एवढी माझी सूचना दरवर्षी फेटाळली जाते.

‘स्पर्धा मैत्रीची आहे, एवढे मनावर कशाला घ्यायचे?’ असे सहपरीक्षक विचारतात. मैत्रीची आहे म्हणूनच. व्यावसायिक गायकाला एका निकालाने फरक पडत नाही, उद्या त्याचा दुसरा कार्यक्रम असतो. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना दुसऱ्या कुठल्याशा स्पर्धेत 100 पैकी 61 गुण मिळाले होते. सोबत एक शब्द नव्हता. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी पेटी उघडली नाही. गुण कमी पडले याचे दुःख नव्हते, असे त्या म्हणाल्या. काय कमी पडले हे कोणी सांगितले नाही, याचे होते. याच्या उलट टोकाला आमचे काही सज्जन परीक्षक सगळ्यांना ‘खूप छान! असेच गात राहा’ लिहितात. मला हा दुसरा प्रकार अधिक कठोर वाटतो. 38 जणांना एकच वाक्य पाठवणाऱ्याने ऐकले किती, हे स्पर्धकाला लगेच कळते.

आता शब्दोच्चार. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ हा शब्द रुजवला आणि त्याच नावाचे पुस्तकही लिहिले. तक्त्याने त्याचा अर्थ आकुंचित करून ‘ण’, ‘ळ’ आणि दोन प्रकारचे ‘च’ नीट उच्चारणे एवढाच ठेवला आहे. शब्दाला प्राधान्य म्हणजे श्वास कुठे घेतला, विशेषण आणि नाम यांच्यामध्ये तोडले का, ओळीचा भार क्रियापदावर ठेवला की जागेच्या मोहाने भलत्याच अक्षरावर. हे सुरातही बसत नाही आणि भावातही. म्हणून मी तक्ता भरतो, आयोजकांना तो हवा असतो, पण त्याखाली प्रत्येकाला पाच-सहा ओळी लिहितो.

गेल्या वर्षी त्याच शिक्षिकाबाईंना लिहिले ते असे: ‘दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत तुम्ही शब्दाच्या मध्येच श्वास घेता, कारण आधीच्या ओळीचा शेवटचा स्वर ट्रॅकवरच्या बासरीइतका लांबवता. तो दोन मात्रा आधी सोडा, बासरी तुमच्या वतीने तो धरून ठेवेल. पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्या, वरचा गंधार ओढावा लागणार नाही. अंतऱ्यातून परत येताना धृपद तुम्ही पहिल्यापेक्षा हळू आवाजात घेतलेत, ते ट्रॅकवर नव्हते आणि मूळ गाण्यातही नाही. ते बदलू नका.’ त्या सहाव्या आल्या. महिन्याभराने त्यांनी तेच गाणे नवीन पट्टीत गाऊन पाठवले, स्पर्धेबाहेर. बासरी जिथे स्वर धरते तिथे त्या थांबल्या होत्या आणि पुढचा शब्द अखंड आला होता. गंधार अजून थोडा उतरतो, तेही मी कळवले.