कार्ड मिळालं, पण दवाखाना कुठे आहे?

आरोग्य सुधारणांवरचा पेपर हातात आला की आपण आधी एकच आकडा शोधतो: किती लोक योजनेत आले? मीही तेच करायचे. माझ्या पहिल्या मसुद्यात पालघर जिल्हा हा एकच घटक धरला होता. गाईडनी विचारलं, "यात तुझं भुईगाव किती आणि मोखाडा किती?"

2011 च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या 29,90,116. त्यातले 12,22,390 लोक एकट्या वसई-विरार शहरात. म्हणजे दर दहातले चार जण! जिल्ह्याची सरासरी काढली की ती आमच्याकडे झुकणारच. भुईगावहून स्टेशन गाठलं की मुंबईची मोठी रुग्णालयं लोकलच्या टप्प्यात येतात. मोखाड्यात रेल्वेच नाही.

आता योजना बघा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर गेली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. 2023 मध्ये मर्यादा पाच लाख करून ती सगळ्या कुटुंबांसाठी खुली करायचं ठरलं. मोठ्या ऑपरेशनला जमीन गहाण टाकणाऱ्या घराला याचा आधार आहेच, ते नाकारू नका.

पण ही योजना मुख्यतः दाखल रुग्णाचं बिल भरते. जिथे रुग्णालय नाही तिथे ती ते उभारत नाही. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1971 मध्येच मांडलं होतं की जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी. त्यामुळे सगळ्यांना सारखं कार्ड दिलं तरी फायदा रुग्णालयाजवळच्यांना आधी होण्याचा धोका राहतो.

म्हणून पात्रता म्हणजे उपचार असं धरणारा पेपर वाचताना तीन गोष्टी तपासा. सरासरी कुणाची? योजनेतलं रुग्णालय किती लांब? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी खर्चात धरली का?

1992 मध्ये वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्याच्या सरासरीत ती गावं कुठे दिसली असती? माझा तक्ता मी आता तालुकावार पुन्हा करतेय. महिना जास्त जाईल, जाऊ दे.