कन्या-मातापिता संबंध, मनोविश्लेषणातील

मुलीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतील आईवडिलांशी असलेल्या भावबंधांविषयी मनोविश्लेषण संप्रदायात मांडल्या गेलेल्या उपपत्ती. ह्या संप्रदायाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्याच्या आरंभीच्या विवेचनात मुलगा हाच नमुना होता. मुलीचा विकास ही त्याचीच उलटी प्रतिमा समजली जाई. मुलगा आईकडे ओढला जातो व वडिलांशी स्पर्धा करतो, हा ईडिपस गंड. मुलीच्या बाबतीत पात्रांची अदलाबदल केली की झाले, अशी ही सोपी समजूत होती.

कार्ल युंग (१८७५–१९६१) ह्याने १९१३ मध्ये मुलीच्या ह्या अवस्थेला ‘इलेक्ट्रा गंड’ हे नाव दिले. ते लोकप्रिय झाले, परंतु यथार्थ नाही. ग्रीक शोकात्मिकांतील इलेक्ट्रा ही मातेच्या हातून वध झालेल्या पित्याचा सूड घेऊ पाहणारी कन्या आहे आणि तिच्या बालपणाची कितीतरी वर्षे तो पिता ट्रॉयच्या युद्धावर गेलेला होता. फ्रॉइडनेही हे नाव नाकारले. कारण मुलगा व मुलगी ह्यांच्या विकासात तंतोतंत साम्य आहे, असा भास त्यामुळे निर्माण होतो.

हे साम्य नाही, हे फ्रॉइडने १९२५ च्या निबंधात स्पष्ट केले. त्याच्या मते आपल्या शरीरात मुलाच्या तुलनेने काही उणे आहे असे मुलीला वाटते, त्याचा दोष ती आईला देते आणि वडिलांकडे वळते. मुलाचा ईडिपस गंड लिंगच्छेदाच्या भीतीने मोडतो. मुलीचा मात्र उणिवेच्या जाणिवेतूनच सुरू होतो. म्हणून तिचा पराहं मुलाइतका कठोर व व्यक्तिनिरपेक्ष होत नाही, असे अनुमान त्याने काढले. संपूर्ण उपपत्तीतील हा सर्वांत दुबळा दुवा होय. येथे चिकित्सालयातील निरीक्षण संपते आणि तत्कालीन मध्यमवर्गीय पुरुषाचा स्त्रीविषयक ग्रह बोलू लागतो.

ह्याच लेखकाने १९३१ मध्ये मात्र आपल्या विवेचनाला मोठी मुरड घातली. पित्याविषयीच्या तीव्र ओढीआधी मुलीच्या मनात आईविषयीची तितकीच तीव्र व दीर्घकाळ टिकणारी ओढ असते, असे त्याने मान्य केले आणि ह्या शोधाची तुलना ग्रीक संस्कृतीच्या मागे सापडलेल्या मिनोअन-मायसीनीअन संस्कृतीशी केली. ह्या थराचा माग हेलेन डॉइच, झान लाम्पल-द ग्रोट ह्यांसारख्या स्त्री-विश्लेषकांना अधिक सहज लागला, हेही त्याने नोंदविले. तथापि मुलगी आईपासून दूर का होते, ह्याचे त्याचे उत्तर जुनेच राहिले : आईने पुरेसे दूध दिले नाही, धाकटे भावंड आणले व शरीर उणे दिले, ही गाऱ्हाणी. चालू-बोलू लागल्यावरही अंगावर पिणाऱ्या ‘आदिम’ समाजांतील मुलांतही दुधाची हीच तक्रार आढळली तर नवल वाटणार नाही, असे त्याने १९३३ मध्ये लिहिले. असे एकही मूल तपासण्याची गरज त्याला भासली नाही.

कॅरेन हॉर्नी हिने १९२६ मध्येच ही उपपत्ती पुरुषाच्या दृष्टीतून रचलेली असल्याचे दाखविले होते. मुलीला हेवा वाटतो तो पुष्कळदा मुलाला मिळणाऱ्या मोकळिकीचा, असे तिचे म्हणणे. मेलनी क्लाइनने स्तनपानाच्या काळातील प्रेम व द्वेष ह्यांना मध्यवर्ती स्थान दिले. नॅन्सी चोडोरोव्ह हिच्या १९७८ च्या ग्रंथानुसार आई मुलीला आपलेच रूप समजते. त्यामुळे मुलगी तिच्यापासून पूर्णपणे कधीच तुटत नाही, वडिलांकडे वळली तरी आईला सोडत नाही.

महाराष्ट्रात ह्या उपपत्ती पडताळून पाहताना पहिली अडचण कुटुंबाच्या घडणीची येते. मुलगी आईपासून मनाने दूर होण्याच्या कितीतरी आधी तिला ‘परक्याचे धन’ ठरविले जाते. दुरावा येथे रूढीनेच नेमलेला असतो. सुधीर काकर ह्यांनी १९७८ मध्ये दाखविले, की पुत्राला दिल्या जाणाऱ्या महत्त्वाच्या पार्श्वभूमीवरही भारतीय आईची मुलीवर विशेष माया आढळते. मुलगी जाणार हे ठाऊक असल्याने आणि आपले माहेर सुटल्याची आठवण असल्याने आई तिच्यात स्वतःलाच पाहते. वाशिम जिल्ह्यातील रिसोडसारख्या गावांसह वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवितात, तो उत्सव ह्याच जाणिवेचा आहे. भुलाबाई ही माहेरी आलेली लेक. लग्नाची समजही न आलेल्या मुली घरोघर फिरून तिच्या सासराची गाऱ्हाणी व माहेराची थोरवी गातात आणि झाकलेली खिरापत ओळखतात. वियोगाचा हा सराव वियोगाच्या आधीच केला जातो, आणि त्यात राग आईवर नसून सासरवर आहे. अर्थात आईवरचाच राग सासूवर ढकलला जातो, असे मनोविश्लेषक म्हणू शकेल. तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही.

दुसरी अडचण त्रिकोणाची. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलगी आत्याच्या मुलाला देण्याची चाल आहे. अशा घरात सासू ही वडिलांची बहीण असते. आई, वडील व मूल एवढ्या तिघांत ही नाती मावत नाहीत. ज्ञान व अधिकार मुलीला पित्याकडूनच मिळतात, हे गृहीतही सर्वत्र लागू पडत नाही. पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) संस्कृत शिकविले ते आईने. त्या आईला मात्र अनंतशास्त्री डोंगरे ह्या पतीने शिकविले होते.

लोकगीते हा चिकित्सालयीन पुरावा मात्र नव्हे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्या प्रौढ स्त्रियांच्या आहेत, त्यांत मागे वळून पाहिलेले बालपण आहे, जगले जात असलेले नाही. भारतीय विश्लेषकांनीही मुलीकडे उशिराच पाहिले. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) ह्यांनी भारतीय रुग्णांतील लिंगच्छेदाची भीती यूरोपीय रुग्णांहून निराळी असल्याचे १९२९ मध्ये फ्रॉइडला कळविले, ते पुरुष रुग्णांविषयीच. काकर ह्यांच्या ग्रंथाचाही मोठा भाग मुलाविषयीच आहे.