बटण बंद केले, पुढे काय?

‘गिझर बंद करूनच आंघोळ करा’ ही सूचना नागपूरच्या हिवाळ्यात घरोघरी ऐकू येते. वर्गातही आपण तीच सांगतो. सूचना योग्य आहे, परंतु अपुरी आहे. एकेरी बटण चुकून न्यूट्रल तारेत बसवलेले असेल, तर ते बंद केल्यावरही कॉइल फेजला जोडलेलीच राहते. बोअरच्या पाण्यातील क्षारांचा थर साचला, की कॉइल फाजील तापून तडकते आणि वीज पाण्यात उतरू शकते. अशा वेळी खरा आधार चांगल्या अर्थिंगचा आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचा. प्लगची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांहून लांब का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. नियमामागचे कारण कळले, तरच घरची जोडणी तपासून घेण्याची गरज त्यांना पटेल.