कंपायलरमधील चुकीची ओळमाहिती : एक चिकित्सा

प्रस्तावना : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याची ओळख वाहननिर्मितीशी निगडित आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाल्यावर दुचाकीचा ब्रेकही सॉफ्टवेअरच्या कक्षेत आला. असे सॉफ्टवेअर बहुधा सी भाषेत लिहिले जाते. त्यातील दोष शोधताना अभियंता डीबगरवर विसंबतो आणि डीबगर कंपायलरने नोंदविलेल्या ओळ क्रमांकांवर. अध्यापनात मात्र ही ओळमाहिती केवळ सोय मानली जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

दोषाचा उगम : पहिला उगम वाक्यविश्लेषणात आढळतो. याकने तयार केलेल्या पार्सरला विधान संपले हे ठरविण्यासाठी अनेकदा पुढचे टोकन वाचावे लागते. ते पुढील ओळीवर असेल आणि त्या क्षणीचाच क्रमांक नोंदविला गेला, तर विधानाला चुकीची ओळ चिकटते. प्रत्येक टोकनासोबत त्याचे स्थान जतन करणे हा यावरील उपाय होय.

दुसरा उगम ऑप्टिमायझेशनमध्ये असून तो अधिक गंभीर आहे. समजा, अटीच्या दोन्ही शाखांत एकच विधान आहे. कंपायलर ते अटीपूर्वी एकदाच ठेवतो, परंतु क्रमांक पहिल्या शाखेचा कायम ठेवतो. मग दुसरी शाखा चालली असतानाही डीबगर पहिली चालल्याचे दाखवितो. येथे उत्तर बरोबर असते, साक्ष मात्र खोटी ठरते. ऑप्टिमायझेशन बंद करणे हा उपाय अपुरा आहे. कारण वाहनात जाणारा कोड ऑप्टिमाइझ केलेलाच असतो.

शोधाची पद्धत : प्रत्येक टप्प्यानंतरचे अंतरिम रूप ओळ क्रमांकांसह छापून घ्यावे व क्रमांक प्रथम कोठे बिघडला ते पाहावे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली जीसीसी रिसोर्स सेंटरने घेतलेल्या कार्यशाळांत, टप्प्याटप्प्याची अंतरिम रूपे वाचून कंपायलर समजून घेण्याची रीत शिकविली जात असे. तीच दृष्टी येथे उपयोगी पडते.

निष्कर्ष : ड्वार्फ या मानकात ‘शून्य’ ओळ म्हणजे ‘मूळ ओळ सांगता येत नाही’. एलएलव्हीएमचे संकेतही हेच सांगतात : स्थान टिकवावे, एकत्र करावे किंवा सोडून द्यावे, दिशाभूल करणारे ठेवू नये. अज्ञान मान्य करणारी नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा श्रेयस्कर होय. या पट्ट्यातील कारखान्यांसाठी अभियंते घडविणाऱ्या महाविद्यालयांनी कंपायलरच्या प्रात्यक्षिकात निर्माण झालेल्या कोडबरोबरच त्याच्या ओळमाहितीचीही परीक्षा घेणे आवश्यक आहे.