ग्रंथालय अधिनियम, 1967 : नियोजनातील हरवलेला वाचक

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 ने लोकसंस्थांच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. तथापि मद्रासच्या 1948 च्या कायद्यातील ग्रंथालय कर त्याने स्वीकारला नाही. परिणामी वाचनालयाचे भवितव्य वार्षिक अर्थसंकल्पीय तरतुदीशी बांधले गेले. अ, ब, क, ड या वर्गवारीत ग्रंथसंख्येला वजन असल्याने दाखलनोंदवही फुगविण्याचा मोह होतो. आणि स्वस्त गठ्ठ्यांनी ती फुगतेही! रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयास वर्धिष्णू संस्था म्हटले, ते या अर्थाने खचितच नव्हे. पुढील आराखडा आखणाऱ्या कार्यकारी मंडळाने म्हणूनच प्रथम देवघेव नोंदवही उघडावी आणि कोणती पुस्तके वर्षभर कपाटाबाहेर पडलीच नाहीत, कोणते सभासद येईनासे झाले, हे पाहावे.