दहा मिनिटांचं काय करायचं?

जानेवारी १९९९मध्ये ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग आला. न्यू जर्सीतला माफियावाला टोनी सोप्रानो मुलाच्या वाढदिवसाला अंगणात शेगडीवर मांस भाजत उभा आहे. त्याच्या स्विमिंग पूलमध्ये मुक्कामाला आलेली बदकं पिल्लांसकट उडून जातात आणि हा अगडबंब माणूस धाडकन खाली कोसळतो. मग दवाखाना, तपासण्या. सगळं नॉर्मल. हृदय ठणठणीत, मेंदू ठणठणीत. म्हणून शेवटी नाइलाजाने मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टर मेल्फीसमोर बसून टोनी जे बोलतो त्यावर पुढचे सहा सीझन उभे राहतात.

पडद्यावरच्या पॅनिक अटॅकबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. एक म्हणजे मालिका अफाट आहे. दुसरं म्हणजे या विषयावरच्या गोष्टी कुठे बरोबर आणि कुठे चुकीच्या वाटेला लागतात, हे दोन्ही तिच्यात दिसतं. सगळे रिपोर्ट चांगले येणं आणि त्यामुळे सुटकेऐवजी लाज वाटणं, हे तिने अचूक पकडलं आहे. पण तिसऱ्या सीझनमध्ये टोनी फ्रिजमधलं मांस खाताना पुन्हा कोसळतो, आणि मेल्फीच्या मदतीने त्याला लहानपण आठवतं: बापाने खाटकाचं बोट छाटलं होतं, त्या रात्री घरी फुकटचं मांस आलं होतं, आई खुशीत होती, आणि पोरगा टेबलापाशी बेशुद्ध पडला होता. एपिसोड म्हणून हे जबरदस्त आहे. अटॅकचं स्पष्टीकरण म्हणून मात्र मला ते पटत नाही. इथे अटॅक म्हणजे कुलूप लावलेला खण. किल्ली सापडली की आतून बालपण बाहेर पडणार. लेखकांना हा खण फार आवडतो, कारण गोष्टीला ‘का?’ लागतं. अटॅक येणाऱ्या माणसाला त्या क्षणी ‘का’शी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की हे थांबावं.

आणि ते थांबतंच. बहुतेक गोष्टी नेमकी हीच बाब लपवतात.

पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. तुम्ही काही करा किंवा करू नका. १९८६मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मांडलेली उपपत्ती अजूनही समजायला सगळ्यात सोपी आहे. शरीरात काहीतरी बारीकसं होतं: जिना चढल्यावर धडधड, उकाड्यात गरगरणं, जास्त कॉफी. मन त्याचा अर्थ लावतं की आता हार्ट अटॅक, आता आपण मरणार, आता वेड लागणार. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेली धडधड मघाच्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे आणखी पुरावा. आग लागलेली नसताना वाजणारा भोंगा, आणि भोंग्याच्या आवाजालाच आग समजून पळणारा माणूस. (छातीत पहिल्यांदाच असं काही झालं तर मात्र हा लेख बाजूला ठेवून ईसीजी काढा. ‘पॅनिकच असेल’ हा निष्कर्ष डॉक्टरने काढायचा असतो.)

गंमत म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथात अटॅकची जी तेरा लक्षणं दिली आहेत, त्यातली बरीचशी मराठीत आधीपासून नांदतात. छातीत धडधडणं, दरदरून घाम फुटणं, हातपाय थरथरणं, जीव गुदमरणं, पोटात गोळा येणं, भोवळ येणं. आजीला विचारलंत तर ती याहून मोठी यादी देईल: काळजात धस्स झालं, हातापायांतलं बळच गेलं, जीव नुसता घाबराघुबरा झाला. आपल्या भाषेतली भीती डोक्यात नाही, अंगात राहते. हे वैद्यकीयदृष्ट्या चक्क बरोबर आहे. अडचण एवढीच की हे सगळे वाक्प्रचार कशाने तरी होतात. साप दिसला, फोन आला, निकाल लागला. काहीच झालेलं नाही आणि तरी काळजात धस्स झालं, याला आपल्याकडे सहज शब्द सापडत नाही. म्हणून आपण म्हणतो, अ‍ॅसिडिटी झाली.

हे मी विनोदाने म्हणत नाही. ‘टेड लासो’ या मालिकेत अमेरिकेहून इंग्लंडला आलेला हा सदा हसतमुख फुटबॉल कोच दुसऱ्या सीझनमध्ये भर सामन्यात मैदान सोडून पळतो. नंतर सगळ्यांना सांगितलं जातं की त्याचं पोट बिघडलं होतं. लंडनमध्ये पोट, पुण्यात पित्त. खरं कारण तो सहकाऱ्यांना उशिरा सांगतो, आणि पुढे ते वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतं. मालिका कधी कधी फार गोडमिट्ट होते हे खरं, पण या एका थापेसाठी मी तिला बरंच माफ करेन. अटॅक दहा मिनिटांचा असतो. तो लपवायचं काम पूर्ण वेळेचं असतं. लोकलमध्ये दारापाशीच उभं राहायचं, म्हणजे उतरता येईल. थिएटरात कडेची सीट. मीटिंगआधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं. ज्यांना हे ठाऊक आहे (त्यात मीही आले) त्यांना टेड मैदानावरून पळताना नाही, तर पोटाची थाप पचताना बघून जास्त कससं होतं.

बहुतेक सिनेमांना हे दिसत नाही, कारण त्यांना अटॅकची फक्त सुरुवात दाखवायला आवडते. त्याचं आता एक ठरीव व्याकरण झालं आहे: आवाज पाण्याखालून आल्यासारखे, कानात शिट्टी, कडा धूसर, कॅमेरा गोल गोल. ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) टोनी स्टार्क हॉटेलातून धडपडत बाहेर येऊन चिलखतात शिरतो आणि आधी हृदय तपासायला सांगतो, मग मेंदू. हे छान आहे, अगदी खरं आहे. पण सिनेमाला पुढे स्फोट करायचे आहेत. शिवाय विनोदी सिनेमांतली ती कागदी पिशवी. तोंडाला पिशवी लावायचा सल्ला डॉक्टर आता देत नाहीत, कारण माणसाला खरोखर दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती पिशवी घातक ठरू शकते. पडद्यावर ती अजून जिवंत आहे.

‘इनसाइड आउट २’ (२०२४) इथे वेगळा ठरतो, आणि त्याच्यावर जरा थांबायला हवं. तेरा वर्षांची रायली हॉकीच्या मैदानाबाहेर पेनल्टी बॉक्समध्ये बसली आहे. तिच्या डोक्यात अँग्झायटी नावाची नारिंगी बाई कंट्रोलच्या टेबलाभोवती इतक्या वेगाने फिरतेय की तिचं वादळ झालंय, आणि वादळाच्या मधोमध ती स्वतः गोठून उभी आहे. हलायलाही येत नाही तिला. बाहेरून प्रचंड वेग आणि आत पूर्ण स्तब्धता. इतकी नेमकी प्रतिमा मी लहान मुलांच्याच काय, मोठ्यांच्याही सिनेमात पाहिलेली नाही. अँग्झायटीला खलनायक न करण्याचं शहाणपणही त्यात आहे. ती रायलीचं भलंच करायला निघाली होती.

पण मग वादळ थांबतं कसं? जॉय तिथे पोहोचते, अँग्झायटीला सोडून द्यायला सांगते. रायलीचं स्वतःबद्दलचं मत बदलतं, सगळ्या भावना येऊन त्या नव्या, गुंतागुंतीच्या ‘मी’ला मिठी मारतात, आणि श्वास जाग्यावर येतो. थिएटरात माझ्या आजूबाजूला सगळे रडत होते. मीही. तरी तक्रार आहे. सिनेमाने दोन गोष्टी एकाच वेळी घडवल्या आणि बघणाऱ्या मुलीला वाटलं की पहिलीमुळे दुसरी घडली: ‘मी कोण’ हे उमगलं की अटॅक जातो. म्हणजे उमगलं नाही तर? बाथरूमच्या फरशीवर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीवर हे केवढं ओझं आहे! अटॅक तिला काहीही उमगलेलं नसतानाही ओसरला असता. या सगळ्या मिठीच्या धामधुमीत रायलीला हाताखालचं लाकूड जाणवतं, बाहेरचे आवाज परत ऐकू येऊ लागतात, तेवढे शॉट मला मिठीपेक्षा मोलाचे वाटतात. तिथे सिनेमा काही शिकवत नाही, फक्त मुलगी परत येताना बघतो.

या सगळ्यांत मला सर्वात खरा वाटलेला प्रसंग एका मांजराचा आहे. ‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’ (२०२२). नवापैकी आठ आयुष्यं उधळून झालेला हा बढाईखोर बोका मृत्यूच्या रूपातल्या लांडग्याला बघून जंगलात सैरावैरा पळतो आणि एका झाडाला टेकून धापा टाकू लागतो. मागून पेरितो नावाचं एक बावळट कुत्रं येतं. ते विचारत नाही काय झालं. श्वास मोजून दाखवत नाही. ते फक्त बोक्याच्या पोटावर डोकं ठेवून पडून राहतं. बोक्याचा हात हळूहळू त्याच्या डोक्यावर जातो. श्वास संथ होतो. आणि त्यानंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे, त्यानंतर बोका त्याला लांडग्याबद्दल, आणि लग्नाच्या दिवशी आपण कशी टांग दिली त्याबद्दल सांगतो. आधी ओसरणं, मग बोलणं. ‘सोप्रानोज’च्या अगदी उलट. शिवाय लांडगा कुठेही गेलेला नाही. तो आहेच.

मराठीत या प्रसंगाच्या जवळ जाणारं काही आहे का? पॅनिकबद्दल नाही, पण सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ आठवतो, २०१६ सालचा, सुवर्णकमळ मिळालेला. त्यात नैराश्याने मोडलेल्या एका अनोळखी मुलाला जानकी घरी आणते आणि चौकशा न करता राहू देते. कोकणातला किनारा, कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ, आणि भरपूर वाट बघणं. अनेकांना तो संथ वाटला. त्याचा संथपणा हाच त्याचा मुद्दा होता असं मी म्हणेन. मात्र नैराश्याला महिन्यांचा कालावधी मिळतो, अटॅकला दहा मिनिटं. तेवढ्या वेळाची जानकी आपल्याकडे कुणी लिहिलेली नाही.

एक प्रसंग तर मला कोणत्याच भाषेत दिसलेला नाही. क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरबाईंनी १९६२च्या पुस्तकातच सांगितलं होतं की भीतीशी झगडू नका, तिला येऊ द्या, तिच्यावर तरंगा, वेळ जाऊ द्या. आजची वर्तनोपचार पद्धत त्याच्याही पुढे जाते. थेरपिस्ट तुम्हाला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवतो. जागच्या जागी पळायला लावतो. बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो. म्हणजे चक्कर, धडधड, घुसमट मुद्दाम आणायची, पुन्हा पुन्हा, शरीराला त्याचा कंटाळा येईपर्यंत. तीस सेकंदांत पॅनिक थांबवा म्हणणाऱ्या रील्सच्या हे नेमकं विरुद्ध आहे. ती रील्स तुम्हाला आणखी एक दार दाखवतात, लोकलच्या दारासारखं, आणि मग त्या दाराशिवाय तुम्हाला उभं राहवत नाही.

कल्पना करा तो सीन. ट्यूबलाइटची खोली, चाकाची खुर्ची, समोर घड्याळ धरून बसलेली एक शांत बाई, आणि एक मोठा माणूस घाबरून, हसू दाबत, स्वतःलाच गोल गोल फिरवतोय. बॅकग्राउंडला व्हायोलिन नको. कॅमेरा फिरवायचीही गरज नाही, खुर्ची फिरतेच आहे.